शकुंतलेचे ३०० मीटर : बंद पडलेल्या छोट्या लाइनचा एक तुकडा पुन्हा उभा करताना

शकुंतलेचा, म्हणजे आमच्या बंद पडलेल्या छोट्या गाडीचा, विषय निघाला की वऱ्हाडात दोन तट पडतात. एक म्हणतो, गाडी पुन्हा धावलीच पाहिजे. दुसरा म्हणतो, ब्रॉडगेज येऊ द्या, ते जुनं लोखंड उपटून टाका. हा लेख दोघांच्याही भांडणात पडत नाही. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही सुमारे १९० किलोमीटरची लाइन गावकऱ्यांच्या वर्गणीतून सुरू होणार नाही, आणि तसं स्वप्न दाखवणाऱ्यापासून चार हात लांब राहावं. पण एखाद्या जुन्या स्टेशनालगतचा ३०० मीटरचा तुकडा नीट करून त्यावर ढकलट्रॉली चालवणं एका हंगामात जमण्यासारखं आहे. इथे मी त्याबद्दलच लिहितो आहे. पुलगाव–आर्वीच्या लाइनलाही हेच लागू पडतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. रुळांमधलं अंतर (गेज) ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि वऱ्हाडातला कापूस मुख्य लाइनपर्यंत, तिथून मुंबई बंदरात आणि पुढे मँचेस्टरला जावा म्हणून ही लाइन टाकली. इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ सालच्या बांधणीचं. १९९४ पर्यंत ते वाफेवर चाललं, मग डिझेल आलं. मालकी खासगी कंपनीची आणि चालवणार सरकारी रेल्वे, अशी ही देशातली विरळा व्यवस्था स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं टिकली. हा इतिहास सांगण्याचं कारण म्हणजे आपल्या कामातली पहिली अडचण, मालकी नेमकी कुणाची, ही त्यातूनच येते.

कोणता तुकडा घ्यायचा

मुख्य लाइन घेऊ नका. उद्या गेजबदलाचं काम त्याच रेषेवर आलं तर तुमची मेहनत एका दिवसात जेसीबीखाली जाईल. स्टेशनच्या यार्डात बाजूला काढलेली एखादी लाइन, कापसाच्या गाठी भरण्याची जुनी साइडिंग किंवा पाणी भरायची लाइन मिळते का ते पाहा. स्टेशन जवळ असलं की सावली, पाणी, रस्ता आणि लक्ष ठेवायला माणसं, सगळं हाताशी असतं. तुकड्यात लोखंडी गर्डरचा पूल नको. वळण असलं तर एकच, आणि तेही सौम्य. दगडी मोरी, म्हणजे लाइनखालून पाणी जाण्याची वाट, एखादी असली तर चांगलं, तिची दुरुस्ती शिकण्यासारखी असते.

वळण किती तीव्र आहे हे दोरीने कळतं. बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला १० मीटर दोरी ताणून दोन्ही टोकं कडेला टेकवा आणि बरोबर मध्यावर दोरी व रूळ यांतलं अंतर मोजा. १२,५०० ला त्या मिलिमीटरने भागलं की वळणाची त्रिज्या मीटरमध्ये मिळते. अंतर ५० मिलिमीटर आलं तर त्रिज्या २५० मीटर. अशी मापं दर पाच मीटरवर घेत जा. ती एकसारखी आली तर वळण शाबूत आहे. एक ३०, पुढचं ७०, असं आलं तर रूळ सरकलेत.

कागद

हे कंटाळवाणं आहे, पण याच्याआधी फावड्याला हात लावू नये. गाडी बंद आहे म्हणून जागा बेवारस होत नाही. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणं गुन्हा आहे. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा, १९६६ तर त्याहून कडक. गंजलेली फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी) “आठवण म्हणून” घरी नेणारा हौशी माणूस आणि भंगारचोर यांच्यात तो फरक करत नाही.

तलाठ्याकडून सातबारा आणि गावनकाशा घ्या, भूमी अभिलेख कार्यालयातून हद्दीची मोजणी मागा. अर्ज मूर्तिजापूरच्या दोन्ही शाखांसाठी मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाकडे, पुलगाव–आर्वीसाठी नागपूर विभागाकडे. अर्जात जमीन, रूळ-स्लीपर (स्लीपर म्हणजे रुळांखालचे आडवे ठोकळे) आणि इमारत या तिन्हींची मालकी वेगवेगळी विचारा. एकत्र विचारलंत तर उत्तर मोघम येईल. उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. कुणा एका माणसाच्या नावावर परवानगी मागू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेला न्यास असला तर करार करायला समोरच्यालाही सोपं जातं. आणि मागणीत “रेल्वे सुरू करणे” हे शब्द चुकूनही नकोत. “वारसा म्हणून जतन व देखभाल” असंच लिहा. प्रवासी वाहतुकीसाठी लाइन उघडायची तर केंद्र सरकारची मंजुरी आणि रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी लागते. ती वाट तुमची नाही.

बाहेरून जुने रूळ किंवा स्लीपर घ्यायची वेळ आली तर रेल्वेच्या लिलावातून आलेला आणि सगळे कागद सोबत असलेलाच माल घ्या. स्वस्तात मिळालेला बिनपावतीचा रूळ फार महाग पडतो.

आहे तसं नोंदवून ठेवणं

दर १० मीटरला रुळाच्या पोटावर (मधल्या उभ्या भागावर) रंगाने आकडा टाका. प्रत्येक टप्प्याचे चार फोटो, आणि वहीत एक ओळ: स्लीपर किती, त्यातले कुजलेले किती, खिळे किती, सांधा कुठे, गिट्टी दिसते की मातीखाली गेली. रुळाच्या पोटावर कारखान्याचं नाव आणि साल उठावाच्या अक्षरांत असतं. ते तारेच्या ब्रशने हलकेच साफ करून, खडू घासून वाचा आणि जागेसह लिहून ठेवा. एकाच तुकड्यात वेगवेगळ्या सालांचे रूळ सापडले तर दुरुस्त्या कुठे कुठे झाल्या ते कळतं.

याच दिवसांत जुने गँगमन, म्हणजे लाइनची देखभाल करणारे कामगार, शोधा. प्रत्येक स्टेशनगावात एखादा निवृत्त मुकादम, कीमन किंवा फाटकवाला असतोच. त्यांना चहाला बोलावून प्रश्न विचारू नका, लाइनवर घेऊन चला. खुर्चीत बसलेला माणूस साहेबांच्या गोष्टी सांगतो, रुळावर उभा केला की पायाखालची सांगतो. दारव्ह्याकडच्या एका म्हाताऱ्या मुकादमाला मी विचारलं होतं, “काका, सुरुवात कुठून करायची?” ते म्हणाले, “पह्यले पानी काढा बाप्पा. रूय कुठी पयून जात नाही.” पुढचा सगळा लेख या वाक्याचाच विस्तार आहे.

पाणी

विदर्भातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. लाइनचा भराव याच मातीवर आहे, बऱ्याच ठिकाणी याच मातीचा आहे. गाडी चालू होती तेव्हा गँग वर्षभर नाल्या साफ करायची, खचलेली जागा उचलून पॅकिंग करायची, म्हणजे खाली गिट्टी ठोसायची. ते थांबलं, नाल्या बुजल्या, शेजारच्या शेतांची वखरणी भरावाच्या पायथ्यापर्यंत आली. मग पाणी भरावाच्या कुशीत मुरायला लागलं. रूळ वाकडे दिसतात त्याचं कारण क्वचितच रुळात असतं.

म्हणून पाहणी भर पावसात करायची, हिवाळ्यात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये चांगली झड लागली की छत्री घेऊन तुकड्याच्या दोन्ही बाजूंनी चाला. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कोणती मोरी वाहते, कोणती तुंबते, हे नकाशावर काढा. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. तेव्हाही जिथे पाणी साचलेलं आहे, तीच तुमच्या कामाची पहिली जागा. परवानगी अजून हातात नसेल तर ही फेरी शेतकऱ्याला विचारून त्याच्या धुऱ्यावरून करा.

नाली दोन्ही बाजूंना हवी. तिचा तळ भरावाच्या माथ्यापेक्षा निदान दीड फूट खाली, आणि उतार दर १०० मीटरला ३० ते ५० सेंटिमीटर. गवंड्याची पाण्याची नळी लेव्हलला पुरते. खरा प्रश्न उताराचा नसतोच. नालीचं पाणी शेवटी जाणार कुणाच्या वावरात, हा असतो. इतकी वर्षं पाणी भरावात मुरत होतं, आता तुम्ही ते गोळा करून एका तोंडाने सोडणार. खालच्या शेतकऱ्याची तूर पिवळी पडली की दोष तुमच्यावर येणार, आणि तो बरोबरच असेल. त्यामुळे नाली ओढ्यापर्यंत किंवा चालू मोरीपर्यंत न्यायची, आणि खोदण्याआधी लगतच्या सगळ्यांची लेखी संमती घ्यायची. काहींनी लाइनखालून ओलिताचे पाइप टाकलेले असतात, कुणाची बैलबंडी रूळ ओलांडून जाते. हे मिटवायचं नाही, नोंदवायचं. पाइपला जाड नळीचं कवच द्या. बंडीच्या वाटेवर रुळांमध्ये फरशी बसवा आणि चाकाच्या कडेसाठी खाच मोकळी ठेवा.

भराव जिथे मऊ पडला आहे तिथे वरची काळी माती काढून मुरूम टाकायचा. २५ सेंटिमीटर पुरतो, पण एकदम ओतू नका. दोन थरांत, हलकं पाणी मारून, रोलर किंवा हातधुमसाने दाबून. माथा सपाट ठेवायचा नाही. मधून दोन्हीकडे ३० ला १ असा उतार द्या, म्हणजे गिट्टीतून आलेलं पाणी नालीत जाईल. मुरमाला तहसील कार्यालयाची गौण खनिजाची परवानगी आणि रॉयल्टीची पावती लागते. ट्रॅक्टर अडवला गेला की सगळं काम अडतं.

झुडपं आणि मोरी

झाडोरा दिवाळीनंतर काढा. त्याआधी गवत उंच असतं आणि घोणस, मण्यार त्यात असतातच. मजूर मात्र या दिवसांत कापूसवेचणीला गेलेले असतात, तेव्हा माणसं आधी बांधून ठेवा. पायात गमबूट, हातात लांब दांड्याचा कोयता, आणि सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं हे सगळ्यांना माहीत हवं. बेशरम आणि वेडी बाभूळ मुळासकट निघाली पाहिजे, नुसती छाटली तर दुप्पट फुटते. मोठं झाड तोडायचं असेल तर परवानगी लागते, पण बहुतेक वेळा ते झाड भरावाच्या बाहेरच असतं. राहू द्या.

मोरीच्या दगडांत पिंपळ हमखास उगवलेला असतो. तो ओढून काढायचा नाही, त्याबरोबर चार दगड येतात. आधी दगडांवर आकडे टाका, फोटो घ्या, मुळाभोवतीचे दगड एकेक सोडवा, मूळ काढा, दगड त्याच जागी परत बसवा. गावात पिंपळ तोडायला कुणी पुढे येत नाही. रोप पिशवीत घालून देवळाजवळ लावलं की तोही प्रश्न सुटतो.

दरजा भरताना सिमेंट वापरू नका. या मोऱ्या चुन्यातल्या आहेत. चुना थोडा हलू देतो, ओल बाहेर सोडतो. वर सिमेंटचा कडक थर दिला तर ओल आत अडकते आणि दोन-तीन पावसाळ्यांत थर दगडाची कड घेऊन निघतो. चुना एक भाग, धुतलेली वाळू अडीच-तीन भाग, थोडी सुरखी (विटांचा चुरा). आधी जुन्या मसाल्याचा तुकडा फोडून वाळू किती जाड होती ते बघा आणि तशीच वापरा. भरलेल्या दरजा ओल्या गोणपाटाखाली निदान दोन आठवडे. एप्रिल-मेच्या उन्हात चुना सुकतो, पण घट्ट होत नाही. हे काम नोव्हेंबर ते जानेवारीत उरकायचं. कमानीतला दगड निखळला असेल किंवा भेग आरपार असेल तर हात थांबवा आणि बांधकाम अभियंत्याला दाखवा.

रूळ आणि स्लीपर

आता हिशेब. ३०० मीटरला दोन्ही मिळून ६०० मीटर रूळ. ३० पौंडी (यार्डाला ३० पौंड वजनाचा) रूळ मीटरला साधारण १५ किलो, म्हणजे एकूण ९ टन. १० मीटरचा एक रूळ १५० किलोचा. तो सहा-आठ जणांनी चिमट्यांनी, एकाच्या आरोळीवर उचलायचा. दोघांनी जोर दाखवायचा नाही. स्लीपर पाऊण मीटरवर धरले तर ४०० लागतात.

रुळाची तपासणी सांध्यापाशी करा. बोल्टच्या भोकांतून निघालेली बारीक चीर सर्वांत धोक्याची. रॉकेलने पुसून कोरडं करा, वर खडू घासा. चिरेत उरलेलं रॉकेल खडूवर रेघ ओलावतं. हातोड्याने ठोकून पाहा: शाबूत रूळ खणखणतो, चिरलेला बद्द वाजतो. मातीत गाडलेल्या रुळाची तळपट्टी गंजाने पातळ झालेली असते, ती वरून दिसत नाही. शंका असलेला रूळ बाजूला ठेवा, तो स्टेशनबाहेर मांडून ठेवायला कामी येईल.

लाकडी स्लीपरवर वाळवीचा भरवसा नाही. वरून घट्ट, आतून पोकळ. खिळा जिथे बसतो तिथे टोकदार सळई खुपसून बघा. सगळे बदलण्याचा हट्ट नको. ट्रॉलीसाठी तीनातला एक कमकुवत असला तरी चालतो, पण दोन वाईट स्लीपर शेजारी-शेजारी आणि सांध्याखाली एकही वाईट स्लीपर चालणार नाही. जुन्या भोकात तोच खिळा पुन्हा ठोकू नका. भोकात डांबरात बुडवलेली लाकडी खुंटी मारा आणि शेजारी नवं भोक पाडून मग खिळा घाला. प्रत्येक रुळाला आत-बाहेर दोन खिळे समोरासमोर नाहीत, तिरपे. बाहेरचे दोन्ही स्लीपरच्या एका कडेला, आतले दोन्ही दुसऱ्या कडेला. समोरासमोर मारले तर लाकूड उभं फाटतं.

आधी एक रूळ दोरीत सरळ बसवायचा, पक्का करायचा. मग गेजपट्टी (रुळांमधलं अंतर मोजायची पट्टी) लावून दुसरा. ७६२ मिलिमीटर प्रत्येक स्लीपरवर मोजा. चार-पाच मिलिमीटर जास्त झालं तर ट्रॉली चालते. कमी झालं तर चाक चढतं, म्हणून कमीकडे सूट नाही.

सांध्यात जागा किती सोडायची हे थर्मामीटर ठरवतो. लोखंड दर अंशाला लांबीच्या ०.००००१२ पट वाढतं. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे रूळ ६५ अंशांपर्यंत तापू शकतो. जानेवारीत दुपारी रूळ ३० अंशांवर असताना तुम्ही १० मीटरचा रूळ बसवलात, तर फरक ३५ अंशांचा, वाढ ४.२ मिलिमीटर. साडेचार मिलिमीटरची पत्र्याची चकती मध्ये धरून बोल्ट आवळा, मग चकती काढा. सकाळी १२ अंशांवर बसवलात तर हीच जागा साडेसहा मिलिमीटर लागेल. म्हणून थर्मामीटर रुळाच्या पोटाला, सावलीच्या बाजूने लावून ठेवायचा. फिशप्लेट गंज काढून, ग्रॅफाइट आणि तेल लावून बसवा. आधी मधले दोन बोल्ट, मग कडेचे. फार करकचून आवळले तर रूळ सरकू शकत नाही आणि उन्हाळ्यात रेषा सोडून बाहेर वाकतो.

गिट्टी आणि पॅकिंग

स्लीपरखाली १५ सेंटिमीटर आणि स्लीपरांच्या मधली भर धरून मीटरला अर्धा घनमीटर गिट्टी लागते. ३०० मीटरला १५० घनमीटर, म्हणजे साधारण ५३ ब्रास. जुनी गिट्टी फेकू नका. चाळणीवर मारून माती काढली की बरीच परत वापरता येते. नवी घ्याल ती काळ्या दगडाची, दीड-दोन इंची, कोन असलेली. नदीचे गोटे नकोत, ते एकमेकांत अडकत नाहीत.

पॅकिंग म्हणजे खाली गिट्टी ठोसणं, आणि इथे घाई करणारा पुढच्या वर्षी पुन्हा तेच करतो. रूळ जॅकने किंवा पहारींनी हवा तेवढा उचला, चौघांनी बीटर (गिट्टी ठोसायचं अवजार) घेऊन रुळाच्या बरोबर खाली, आतून-बाहेरून फूटभर अंतरात गिट्टी ठोसायची. दोघे समोरासमोरच्या तिरप्या कोपऱ्यांतून एकाच वेळी, म्हणजे एकाची गिट्टी दुसऱ्याच्या बाजूने निसटत नाही. स्लीपरचा मधला भाग मुद्दाम सैल ठेवा. मध्येच घट्ट झालं तर स्लीपर मध्यावर टेकून दोन्ही टोकांना डोलतो आणि मोडतो. सरळ भागात दोन्ही रूळ एका पातळीत. गेजपट्टीवर स्पिरिट लेव्हल ठेवून दर तिसऱ्या स्लीपरवर बघा.

ट्रॉली

पहिली फेरी रिकामी, चालण्याच्या वेगाने. दुसरी मुरमाची पोती लादून, आणि तेव्हा ट्रॉलीवर कुणी बसायचं नाही. बाजूने चालत स्लीपर पाहायचे. चाक वरून जाताना जो स्लीपर खाली-वर होतो त्यावर चुन्याची खूण करा आणि पुन्हा पॅकिंग करा. ब्रेक नसलेली ट्रॉली कितीही सुंदर असली तरी लाइनवर आणू नका. दोन्ही टोकांना रुळांवर आडवे ओंडके पक्के बांधा. मुलांना बसवायचं असेल तर लेखी परवानगीत तसं स्पष्ट असलं पाहिजे आणि विमा काढलेला असला पाहिजे. तोवर ट्रॉली फक्त देखभालीसाठी.

स्टेशनच्या इमारतीबद्दल एवढंच: कवेलू फुटके असतील तेवढेच बदला, भिंतीला ऑइलपेंट लावू नका, तिकीटखिडकीची लाकडी चौकट जुनीच ठेवा. रंगवून चकचकीत केलेलं स्टेशन फोटोत छान दिसतं, आणि चुन्याची भिंत आतून ओली राहते.

खरी परीक्षा पुढच्या पावसाळ्यात. पहिल्या दमदार पावसानंतर वही घेऊन तीच फेरी पुन्हा मारा, गेज आणि पातळी त्याच आकड्यांवर मोजा. कुठेतरी बसलेलं असणारच. नवा भराव पहिल्या वर्षी बसतो. ऑक्टोबरमध्ये ते उचलून पॅकिंग, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत फिशप्लेटांना तेल, मेच्या शेवटी नाल्या आणि मोऱ्या साफ. गेजपट्टी, बीटर आणि ट्रॉलीच्या साखळीची किल्ली गावातल्याच दोन माणसांकडे ठेवा, आणि त्यांच्या वर्षभराच्या मजुरीचे पैसे रुळांच्या खर्चाआधी बाजूला काढा.